चहाआधीचा हात

आमच्या प्रयोगशाळेत नवीन विद्यार्थी आला की सर त्याचे मार्क बघायचे आणि शालनताई त्याचा हात बघायच्या. ज्योतिषी बघतो तसा नव्हे. त्या समोरच्याला हात उपडा करून पुढे धरायला सांगायच्या, त्यावर टिश्यू पेपरचा एक पातळ तुकडा ठेवायच्या आणि कमरेवर दोन्ही हात ठेवून त्या कागदाकडे टक लावून बघत राहायच्या. कागदाची कडा हलली की माणूस त्या दिवसापुरता नापास. तो कुठल्या विद्यापीठातून सुवर्णपदक घेऊन आलाय, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसायचं.

माझी परीक्षा पहिल्याच सकाळी झाली. कागद इतका फडफडला की सरळ जमिनीवर पडला.

"चहा घेतलास?" त्यांनी विचारलं.

"दोन कप."

"आन घरी भांडून आलीस?"

मी गारच पडले. ऐरोलीहून निघताना डब्यावरून आईशी खरोखर खडाजंगी झाली होती. मी मान हलवली.

"मग आज नुसतं बसून बग. उद्या चहाआदी ये. आन भांडायचं तर संध्याकाळी भांडत जा, सकाळी कशाला?" असं म्हणून त्यांनी जमिनीवरचा तो कागद उचलला, त्याच्या चार घड्या केल्या आणि एप्रनच्या खिशात टाकला. तोच कागद पुढच्या नापासासाठी पुन्हा बाहेर निघतो, हे मला नंतर कळलं.

शालनताई जाधव आमच्याकडे तंत्रज्ञ होत्या. उंची जेमतेम पाच फूट, केसांचा घट्ट अंबाडा, आणि साडीवर असा कडक इस्त्रीचा एप्रन की आम्हा विद्यार्थ्यांचे एप्रन त्यांच्यासमोर पोतेऱ्यासारखे दिसायचे. आम्हा सगळ्यांना त्या 'अर्धा डॉक्टर' म्हणायच्या. "ए अर्ध्या डॉक्टर, पिंजऱ्याचं झाकन नीट लाव." प्रबंध मंजूर होईपर्यंत बढती नाही. एका मुलाचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली, तरी तो अर्धाच होता.

आमची संस्था बेलापूरच्या टेकडीखाली, सरकारी कचेऱ्यांच्या गर्दीतून जरा बाजूला. बाहेरून पाहणाऱ्याला तीही एखादी कचेरीच वाटायची. आत मात्र उंदीर आणि त्यांचे मेंदू. मेंदूत पेशी कोट्यवधी असतात आणि आम्हाला त्यातल्या मूठभरच हव्या असायच्या. माझ्या वाट्याला आल्या होत्या त्या, 'पुरे आता, तहान भागली' असं उंदराला सांगणाऱ्या पेशी. त्या बाकीच्यांतून वेगळ्या काढायच्या कशा? तर एक निरुपद्रवी करून टाकलेला विषाणू घ्यायचा, त्याच्या पोटात आपल्याला हवा तो जनुक भरायचा आणि गुंगीत झोपवलेल्या उंदराच्या मेंदूत नेमक्या जागी, केसासारख्या काचेच्या सुईने, त्याचा डोळ्यालाही न दिसणारा अंश सोडायचा. उंदीर अशा वाणाचे वाढवलेले असतात की त्या मूठभर पेशींकडेच तो जनुक चालू करायची सोय असते. सगळं जमलं तर तीन आठवड्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तेवढ्याच पेशी हिरव्या चमकतात आणि बाकीचा मेंदू काळा राहतो.

ही सुई घालण्याचं काम शालनताईंचं. त्यांच्याकडे ना पदवी ना पदविका. गाव कोरेगाव तालुक्यातलं, यजमान वाशीच्या मार्केटात माथाडी, आणि घर कोपरखैरण्याला माथाडींच्या चाळीत. लग्न होऊन आल्यावर वीसेक वर्षं त्यांनी रबाळ्याच्या एका कारखान्यात भिंगाखाली तांब्याची तार गुंडाळली. ती तार इतकी बारीक असायची की श्वास जोरात सोडला तरी तुटायची. कारखाना बंद पडला तेव्हा त्या आमच्याकडे काचसामान धुवायला लागल्या. आणि एक दिवस, काचेच्या बश्या पुसता पुसता, त्यांनी एका अर्ध्या डॉक्टरला सलग पाचवी सुई मोडताना पाहिलं.

"मी बगू का?" त्यांनी विचारलं.

त्या मुलाने वैतागून खुर्ची सोडली. शालनताई बसल्या, सुईचा स्क्रू दोन बोटांत धरला, आणि श्वास सोडून संपल्यावर जो क्षणभर थांबा असतो, तेवढ्यात सुई खाली नेली. सहावी सुई मोडली नाही. त्यानंतर काचसामान धुवायला दुसरी बाई ठेवावी लागली. ही हकीकत मी सरांकडून ऐकली आहे. शालनताईंना विचारलं तर त्या म्हणायच्या, "त्यात काय. तार तुटंल तर सुपरवायजर वरडायचा. हितं कोन वरडत नाय, म्हनून सोपं."

एकदा मंत्रालयातून पाहणीला दोन-तीन साहेब आले होते. सरांनी पडद्यावर चित्रं दाखवून वीस मिनिटं समजावलं. साहेबांच्या माना हलत होत्या, पण नजर समोशांवर होती. शेवटी त्यातल्या एकाने प्रामाणिकपणे विचारलं, "पण सर, विषाणू तर सगळीकडेच जाणार ना? मग ठरावीक पेशीच कशा चमकतात?" सर पुन्हा पहिल्या चित्रावर जायला निघाले, तेवढ्यात कप गोळा करायला आलेल्या शालनताई थांबल्या.

"सायेब, समजा आमच्या चाळीत पोस्टमन आला. त्यानं परतेक घरात एकच पत्र टाकलं. पत्रात लिवलंय, खिडकीत हिरवा दिवा लावा. पर अक्षर लई बारीक. ज्येच्या घरात चष्मा हाय, त्येलाच वाचता येनार. मग संध्याकाळी खाली हुबं राहून बगायचं, दिवे कुटं कुटं लागले. ती चष्म्याची घरं."

"आणि विषाणू?"

"त्यो पोस्टमन. त्येची नांगी काडलेली हाय. पत्र टाकायचं सोडून त्येला काय येत नाय."

साहेबांना समजलं आणि त्यांनी समोसे निर्धास्तपणे खाल्ले. त्यानंतर सर जिथे जातील तिथे चाळ आणि चष्मा सांगायला लागले. परदेशातल्या एका सभेत त्यांनी तेच सांगून टाळ्या मिळवल्या म्हणे. तिथे शालनताईंचं नाव घेतलं की नाही, हे विचारायचा धीर मात्र मला कधी झाला नाही.

चाळीत मात्र हा पोस्टमन त्यांना चांगलाच महागात पडला होता. महामारी नुकतीच ओसरली होती आणि त्यांच्या यजमानांनी कौतुकाने कुणाला तरी सांगितलं, की आमची ही विषाणू हाताळते. झालं. संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला शालनताईंच्या घरी चिटपाखरू फिरकलं नाही. चिवडा मांडलेला, तिळगूळ मांडलेला, आणि बायका दाराबाहेरून "ताई, टेन्शन नको घेऊ, नंतर येतो" म्हणत पुढच्या घरी.

दुसऱ्या दिवशी त्या प्रयोगशाळेत आल्या त्या फुरंगटूनच. पण त्यांचं रुसणं दुपारपर्यंतसुद्धा टिकायचं नाही. आमच्याकडे द्रव मोजून घ्यायची प्लास्टिकची टोकं येतात, ती पारदर्शक डब्यांतून. साध्या पाण्याच्या कामाला वापरलेल्या टोकांचे रिकामे डबे शालनताई कधी टाकू द्यायच्या नाहीत. कपाटात मनोरे रचलेले होते. त्यातले तीस-पस्तीस डबे त्यांनी सरांना विचारून घेतले, गरम पाण्याने धुतले आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा हळदीकुंकू ठेवलं. वाण काय, तर झाकणाचा डबा, आत शहाण्णव भोकांची जाळी, प्रत्येक भोकात एक टिकली. पहिली बाई डब्याच्या मोहाने आली. तिच्याकडचा डबा बघून दुसरी आली. मग शालनताईंनी सगळ्यांना बसवून पोस्टमनची गोष्ट सांगितली. पुढच्या वर्षी बायकांनी आधीच निरोप पाठवला, की वाण दुसरं काही नको, तेच डबे दे, सेफ्टी पिनांना फार बरे पडतात.

शालनताईंना काहीही टाकवत नसे. पाठकोरे कागद, पार्सलांची दोरी, रबर बँड, पुठ्ठ्याच्या नळ्या, सगळ्याला त्यांच्या कपाटात जागा होती. त्याला अपवाद एकच. विषाणूची कुपी एकदा फ्रीजरमधून काढून वितळली की त्यातलं लागेल तेवढं वापरायचं आणि उरलेलं निर्जंतुक करून फेकून द्यायचं. उणे ऐंशीच्या फ्रीजरच्या दारावर त्यांनी मोठ्या अक्षरांत चिठ्ठीच लावली होती: 'परत ठेवू नये.' मी नवीन असताना त्यांनी मला दारासमोर उभं करून ती मोठ्याने वाचायला लावली होती.

"का ते माहीत हाय का? एकदा इतळला, परत गोठला, परत इतळला, की त्यो मरतोय. पोस्टमन मेल्यावर पत्र कोन टाकनार?"

मी हो म्हटलं. ते हो किती वरवरचं होतं, ते पुढे येईलच.

उंदरांशी त्यांचं वागणं बघण्यासारखं होतं. पिंजऱ्यात हात घालण्याआधी त्या दोन्ही तळहात एकमेकांवर चोळून गरम करायच्या. शस्त्रक्रिया झाल्यावर उंदीर गुंगीतून बाहेर येईपर्यंत त्याच्या पोटाखालची गरम गादी तीन-तीनदा हाताने चाचपायच्या आणि "झालं हं, झालं" असं हळू आवाजात म्हणत राहायच्या. ज्या दिवशी उंदरांचे मेंदू काढायचे असत, त्या दिवशी त्यांचा डबा उघडत नसे. पहिल्यांदा मी आग्रह केला तर म्हणाल्या, "आज नको गं." एवढंच. नंतर मी कधी विचारलं नाही, आणि पुढे पुढे त्या दिवशी मीही डबा आणेनाशी झाले.

पण मला त्या आठवतात त्या सुई आत असतानाच्या. विषाणू सोडून झाला की सुई लगेच बाहेर काढायची नसते. काढली तर द्रव तिच्या मागोमाग वर येतो आणि भलतीकडे पसरतो. दहा मिनिटं ती जागच्या जागी ठेवावी लागते. आम्ही मुलं त्या वेळात मोबाईल बघायचो. शालनताई जागेवरून हलायच्या नाहीत, कुणाशी बोलायच्या नाहीत, मान वर करायच्या नाहीत. फक्त ओठ हलायचे. मला वाटायचं, स्तोत्र म्हणतात. एकदा न राहवून विचारलं.

"सोत्र कसलं? गावाला जातीय."

"म्हणजे?"

"एष्टीत बसलीय. कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, पनवेल, खोपोली, लोनावळा. स्वारगेटला जरा जास्त थांबायचं, डायवर चहा घेतो. मग कात्रज, शिरवळ, खंबाटकीचा घाट, सुरूर, पाचवड, सातारा, कोरेगाव. तितनं चालत घरी. दारात पोचले की दहा मिन्टं होत्यात. मग सुई काडायची."

मी घड्याळ लावून बघितलं. दहा मिनिटं आणि चार सेकंद. एकदा साडेदहा झाली, तेव्हा म्हणाल्या, "घाटात गर्दी होती."

आता त्या वाईट दिवसांकडे येते. वाईट मुख्यतः माझ्यासाठी, कारण लाज वाटावी अशी कृती माझी होती.

शालनताईंना चष्मा लागला आणि त्याच सुमारास माझे उंदीर चमकेनासे झाले. पहिल्या फेरीत चार उंदीर, तीन आठवडे थांबलो, मेंदूचे काप केले, सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, तर एका उंदरात दोन-चार पेशी मिणमिणत्या, बाकी काळोख. दुसऱ्या फेरीत काळोख. तिसऱ्या फेरीतही काळोख. माझ्या प्रबंधाचा शेवटचा भाग अडकला होता आणि मुदत संपत आली होती. त्यातच संस्थेच्या कार्यालयातून विचारणा आली, की सुई आपोआप चालवणारं यंत्र आता मिळतं, तर पदवी नसलेल्या कंत्राटी तंत्रज्ञाची मुदत वाढवायची गरज आहे का? सरांनी आठ दिवसांत उत्तर द्यायचं होतं.

सर स्वभावाने भले, पण कार्यालयाचं पत्र आलं की त्यांचा आवाज बारीक व्हायचा. त्यांनी शालनताईंना बोलावलं आणि टेबलावरच्या पेनाकडे बघत विचारलं, "डोळे परत एकदा तपासून घेतलेत का, ताई?"

शालनताई मागे वळल्या. बाहेर येऊन त्यांनी स्वतःच्याच उपड्या हातावर कागद ठेवला आणि बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मी दारातून बघत होते. कागद हलत नव्हता. तरीही त्यांनी तो खिशात ठेवला आणि मला म्हणाल्या, "उद्यापासनं तू बस. माझ्यामुळं तुझं वरीस नको जायला." एवढं बोलून त्या पिंजरे धुवायला गेल्या. ज्या हाताने त्यांनी आम्हा सगळ्यांना शिकवलं, त्या हातावरचा त्यांचा स्वतःचाच विश्वास उडाला होता. मला फार वाईट वाटलं, पण वाईट वाटण्यापलीकडे मी काही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी चहा न घेता खुर्चीवर बसले. शालनताई मागे उभ्या होत्या. इतके दिवस आमची कामं वाटलेली असायची. मी बाहेरच्या खोलीत विषाणू काढून सुईत भरायचे आणि भरलेली सुई त्यांच्या हातात द्यायचे. कुपी त्यांना दिसायचीच नाही. आज पहिल्यांदाच मी त्यांच्या डोळ्यांसमोर बर्फातली कुपी उचलली.

"थांब. ही कसली?"

"तहानेच्या पेशींचीच आहे, ताई."

"ते कळलं. झाकनावर तुजं अक्षर कसं? ह्येच्यावर छापील चिठ्ठी असती."

आता मला सांगायला हवं. आमच्या घरात काही टाकत नाहीत. काल उरलेली आमटी आज कणकेत जाते, आणि आईच्या फ्रीजमध्ये वाटीभर भाजी, दोन चमचे चटणी, अर्धा लाडू अशा झाकण लावलेल्या असंख्य वाट्या असतात. मी त्याच घरात वाढले. एका कुपीतला दहावा हिस्सा वापरायचा आणि सातासमुद्रापलीकडून बर्फात घालून आलेला बाकीचा विषाणू फेकून द्यायचा, हे माझ्या हातून होईना. म्हणून मी तीन कुप्यांतलं उरलेलं एकत्र केलं, नवी चिठ्ठी लावली आणि 'परत ठेवू नये' लिहिलेल्या दारातूनच परत ठेवलं. दर फेरीला तेच काढायचं, वितळवायचं, उरलेलं परत ठेवायचं. इतकी काटकसर बघून शालनताई खूशच होतील, असंही मला मनातून वाटत होतं.

"उरलेलं आहे," मी म्हणाले.

"कितव्यांदा?"

मी बोटं मोजली. प्रत्येक उंदराच्या वेळी वेगळं काढलं होतं. "दहा... नाही, बारा-तेरा वेळा."

मला वाटलं, आता त्या मला खुर्चीवरून उठवणार. पण शालनताईंनी तोंडावरचा मास्क दाबून धरला, त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग त्या भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"आगं भवाने! तीन म्हयनं उंदराला शिळं वाडलंस होय गं तू? आन मी डोळं फुटलं म्हनून बसले!"

मीही हसले, आणि हसता हसता रडले. त्यांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला, नवी कुपी काढायला लावली आणि स्वतः खुर्चीवर बसल्या. त्या दिवशी दोन उंदरांच्या वेळी त्या गावाला जाऊन आल्या.

गोष्ट इथे संपली असती तर मी सुटले असते. पण नव्या फेरीचा निकाल यायला तीन आठवडे लागणार आणि सरांचं उत्तर चार दिवसांत जाणार. म्हणजे मी सरांना आत्ताच सांगायला हवं होतं. शालनताईंनीच मला अडवलं. "नको सांगू. तुझी मुदतवाढ त्येंच्याच सहीनं व्हायची हाय. दारावर लिवलेलं वाचलं नाय म्हनलीस, तर काय इज्जत राहील तुजी? माझं काय, पिंजरे धुवायला मला कोनबी ठेवंल."

आणि मी नाही सांगितलं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. हे लिहितानाही मला शरम वाटते. मुदतवाढ, प्रबंध, लोक काय म्हणतील, असा सगळा विचार मी करत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने फ्रीजमधून एक वाटी काढली, वास घेतला आणि म्हणाली, "ही नाही गं बाई चालणार," आणि शांतपणे मोरीत ओतून दिली. माझी आई! मी तशीच, चहा न घेता, निघाले आणि थेट सरांच्या खोलीत गेले.

सगळं ऐकून घेतल्यावर सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"दारावरची चिठ्ठी वाचली नव्हतीस?"

"वाचली होती, सर. मोठ्याने वाचली होती."

"मग?"

"टाकवेना."

सरांनी कपाळावर हात मारला. कार्यालयासाठी लिहिलेलं उत्तर त्यांच्या टेबलावर तयार होतं. ते त्यांनी माझ्यादेखत फाडलं आणि दुसरं लिहायला घेतलं. माझ्या मुदतवाढीच्या अर्जावरही सही केली, फक्त कारणाच्या रकान्यात 'तांत्रिक अडचण' लिहिताना माझ्याकडे एकदा चष्म्यावरून बघितलं.

तीन आठवड्यांनी आम्ही काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. आधी मी बघायला गेले तर शालनताईंनी मला कोपराने बाजूला सारलं. चष्मा कपाळावर चढवला, डोळा लावला आणि भिंग हळूहळू फिरवलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"पोचलं," त्या म्हणाल्या. "बग, सगळी चाळ काळी आन मदी एवडीच घरं. काय दिवे लावलेत गं!"

मी बघितलं. काळ्या अंधारात मूठभर हिरव्या ठिणग्या, नेमक्या जिथे हव्यात तिथे, एकही इकडेतिकडे नाही. त्या दिवशी शालनताईंनी डबा उघडला नाहीच, उंदीर गेले होते. पण संध्याकाळी आम्ही दोघींनी खाली टपरीवर उभं राहून चहा घेतला, दोन-दोन कप.

त्यांची मुदत वाढली. यंत्रही आलं. मोठ्या खोक्यातून आलं, बसवायला दोन इंजिनियर ऐरोलीहून आले. शालनताईंनी पहिल्या दिवशी त्याच्या धातूच्या हातावर कागद ठेवून बघितला आणि पास केलं. "चहा पीत नाय, भांडत नाय, चांगलंय," म्हणाल्या. मग महिनाभरात त्याचे नखरे कळले. त्याला एसी लागतो, धूळ चालत नाही, वीज जरा खालीवर झाली की ते जागच्या जागी बसतं. शालनताईंनी त्याचं नाव 'जावई' ठेवलं आणि त्याला क्रोशाचं झाकण विणलं. नवी मुलं आली की त्यांना जावयाशी कसं वागायचं ते शिकवायचं कामही त्यांच्याचकडे आलं.

माझा प्रबंध मंजूर झाला. मला परदेशात पुढच्या संशोधनाची जागा मिळाली, तीही तशाच एका प्रयोगशाळेत. विमान होतं त्या दिवशी मी बॅगा गाडीत टाकून, ड्रायव्हरला अर्धा तास म्हणून सांगून, बेलापूरला गेले.

शस्त्रक्रियेच्या खोलीला काचेचं दार आहे. आत शालनताई बसल्या होत्या. जावई कोपऱ्यात झाकण पांघरून स्वस्थ उभा होता. नवीन आलेली एक मुलगी स्टुलावर अंग चोरून बसून बघत होती, म्हणजे नापास झाली असावी. सुई आत होती. शालनताईंचे ओठ हलत होते. मी काचेवर टकटक केली नाही. त्यांनी मान वर केली नाही, पण डाव्या हाताची तीन बोटं किंचित उचलली. पाचवड, सातारा, कोरेगाव. मी थांबले. खालून ड्रायव्हरचा फोन येत होता, तो मी कापला. दोन बोटं झाली. मग एक.

त्यांनी श्वास सोडला, थोड्या थांबल्या आणि सुई वर घेतली. त्या वयात, त्या चष्म्यातून, ती सुई अशी सरळ वर आली की मी काचेला नाक लावून बघतच राहिले. उंदराला गरम गादीवर ठेवून, हात धुऊन त्या बाहेर आल्या. मी वाकून नमस्कार करायला गेले तर म्हणाल्या, "ते र्‍हाऊंदे. हात दाखव."

मी हात उपडा धरला. त्यांनी खिशातून घड्या पडलेला कागद काढला, उलगडला आणि माझ्या हातावर ठेवला. तो असा थरथरायला लागला की कधी पडेल याचा नेम नव्हता.

"चहा घेतलास?"

"नाही."

"घरी भांडून आलीस?"

"नाही, ताई."

त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग चष्मा कपाळावर सारून त्यांनी पदराने डोळे टिपले.

"आज तुजं ऑपरेशन कॅन्सल," त्या म्हणाल्या. "जा आता, डॉक्टर. इमान चुकंल."

आणि माझ्या हातावरचा कागद उचलून, त्याच्या पुन्हा चार घड्या करून, त्यांनी तो खिशात टाकला. आत स्टुलावरची मुलगी वाट बघत होती.